परब आणि पाठीतलं पाणी

परब वॉर्डात जात नसत. घाटकोपरच्या आमच्या इस्पितळात तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी काढली, पण वरच्या दोन मजल्यांवर खाटा कशा मांडलेल्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची सख्खी मेहुणी तिथे बाळंत झाली, तेव्हाही ते जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभे राहिले. शेवटी सिस्टरनेच बाळ खाली आणून त्यांना दाखवलं.

मी कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तोंड बघितला की हात चळता. गरीब दिसलो की आकडो कमी लावूसो वाटता."

अनय, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस की आजी, तू नोकरीत नेमकं काय करायचीस. तुझी आई ईशा मागून म्हणाली, "शी वॉज इन अ लॅब," आणि विषय संपला. मी तुला नीट लिहून कळवते म्हटलं होतं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की मी काय करायची ते थोडक्यात सांगता येतं. मी एम.एस्सी. होऊन जीवरसायन विभागाची प्रमुख म्हणून तिथे लागले, वेळापत्रकं आखली, सूचना टाइप केल्या आणि अहवालांवर दुसरी सही केली. पहिली सही परबांची असे. काम तेच करत. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहिते.

परब मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला चाळीत. बुटके, काळेसावळे, मागे वळवलेले पांढरे केस. शिक्षण मॅट्रिक. इस्पितळात लागले ते बाटल्या धुण्याच्या कामावर, आणि धुता धुता बाटल्यांत काय असतं ते शिकत गेले. मी आले तेव्हा ते पन्नाशीत होते आणि मी तिशीत. त्यांनी मला कधी माझं वय जाणवू दिलं नाही आणि कधी विसरूही दिलं नाही.

ते दोन्ही हातांत घड्याळं बांधत. डाव्या हातातलं जगाच्या वेळेवर चाले. उजव्या हातातलं ते प्रत्येक चाचणी लावताना बारावर आणून ठेवत, म्हणजे नळ्या गरम पाण्यात किती मिनिटं आहेत ते नुसतं पाहून कळे. कुणी वेळ विचारली तर ते दोन्ही मनगटं पुढे करत.

"टायम खयचो व्हयो? माणसांचो की बाटल्यांचो?"

आता आमच्या त्या चाचणीबद्दल. मेंदू आणि मणका यांच्याभोवती एक स्वच्छ पाणी असतं. मेंदूच्या आवरणाला सूज आली की कमरेतून सुई घालून ते थोडं काढतात आणि तपासतात. लोक त्याला पाठीतलं पाणी म्हणत. ही सूज साध्या जंतूंची की क्षयाची, हे ओळखणं त्या काळी फार कठीण होतं. क्षयाचे जंतू पाण्यात क्वचितच दिसत आणि ते वाढवून पाहायला सहा ते आठ आठवडे लागत. तेवढा वेळ रोग्याकडे नसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका एन्झाइमची चाचणी आमच्याकडे आली. त्याचं लांबलचक नाव आम्ही कधी उच्चारत नसू, एडीए म्हणत असू. क्षयाच्या सुजेत पाठीतल्या पाण्यात ते वाढतं. ते एका रसायनातून अमोनिया सोडवतं, आणि त्या अमोनियाचा शेवटी निळा रंग होतो. रंग जितका गडद तितकं एन्झाइम जास्त. दोन तासांत उत्तर मिळे.

परबांना हा निळा रंग डोळ्यांनी मोजता येई. यंत्रात घालण्याआधी ते नळी खिडकीशी धरत आणि सांगत, "ह्यो नीळ दिलेल्या धोतराचो. सहा." यंत्र साडेसहा किंवा पावणेसहा दाखवी. पण डोळ्यांचा आकडा त्यांनी वहीत कधी लिहिला नाही. मी एकदा विचारलं, मग सांगता कशाला? म्हणाले, "यंत्राक धाक राहता."

नमुना कधी काढला हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर ते ती घेत नसत. एकदा वरून एक तरुण डॉक्टर, शहा म्हणून होते, स्वतः बाटली घेऊन धावत आले. परबांनी ती फिरवून पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"वेळ?"

"आत्ताच काढलंय."

"आत्ताच म्हणजे कधी? आत्ता माका पण आसा, तुमका पण आसा."

"परब, यार, पेशंट सिरियस आहे."

"म्हणानच विचारतंय. सिरियस नसतो तर मीच कायतरी लिवलंय असतंय."

शहांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदांकडे पाहिलं. त्यांनी वेळ लिहिली.

पण परबांचा खरा जीव होता तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नमुन्यात. वरच्या डॉक्टरांना निदान हवं असे. ते एकदा झालं की त्यांचं काम पुढे सरके. परबांचं म्हणणं, एक आकडा म्हणजे नुसता ठिपका. दोन झाले तर रेघ होते, आणि बोलते ती रेघ. जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन त्यांनी पारदर्शक केल्या होत्या. त्यांवर काचेवर लिहायच्या पेन्सिलीने ते एकेका रोग्याची रेघ काढत आणि खिडकीच्या गजांना क्लिपांनी टांगून ठेवत. फिल्मवर नाव नसे, फक्त नोंदणी क्रमांक. औषध लागू पडलं की रेघ हळूहळू उतरे. क्षयाची रेघ आठवड्यांनी उतरते, दिवसांनी नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परबांना ते खिडकीत दिसत होतं.

एकदा एका रोग्याची रेघ चार आठवडे जागची हलेना. वर तर त्याला घरी पाठवायची तयारी चालली होती, कारण ताप उतरला होता. परबांनी ती फिल्म माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, वर जावन सांगा, हो मनुष्य औषध गिळणा नाय." मी म्हटलं, असं कसं सांगू? "सांगा, खिडकी सांगता." मी जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. सिस्टरने उशीचा अभ्रा उलटा केला तेव्हा त्यातून गोळ्याच गोळ्या पडल्या. त्याला त्या कडू लागत होत्या. परबांना हे कळल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "आता त्येका सांगा, रेघ दिसता म्हणान."

असा हा माणूस. त्यांच्या हातून एक चूक झाली, ती मी आता सांगते.

प्रयोगशाळेच्या फ्रिजवर मी इंग्रजीत टाइप केलेली एक सूचना चिकटवली होती, की यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. सूचनेच्या मागे, म्हणजे फ्रिजच्या आत, शहांची लस्सी असे, सिस्टरांचं दही असे, आणि माझं स्वतःचं ताकही असे. ताक हे पेय आहे, खाद्य नव्हे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सोमवारी सकाळी परबांचा चुलतभाऊ गावाहून रात्रभराच्या एसटीने कुर्ल्याला उतरला आणि थेट इस्पितळात आला. त्याच्या पिशवीत मीठ-हळद लावलेली मोरी होती. मोरी म्हणजे लहान शार्क. मालवणी माणसाला तिचं काय असतं हे तुला पत्रातून कळणार नाही. पण परबांच्या घरी सोमवार कडक. त्या दिवशी मासा उंबऱ्याच्या आत यायचा नाही, शिजवणं तर दूरच. म्हणून ती पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून मंगळवार संध्याकाळपर्यंत फ्रिजच्या तळाशी राहिली. देवाचा नियम त्यांनी पाळला. माझा नियम इंग्रजीत होता.

त्याच सोमवारी दुपारी मुलांच्या वॉर्डातून चारशे बारा नंबरची बाटली आली. मुलगी नऊ वर्षांची. घराजवळच्या डॉक्टरांनी आधीच कसल्या कसल्या गोळ्या दिल्यामुळे तिचं चित्र गढूळ झालं होतं. पाण्यातल्या पेशी ना साध्या जंतूंकडच्या, ना क्षयाकडच्या. पाणी अगदी थोडं होतं. कापसाचं बूच लावून ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि मंगळवारी सकाळी चाचणी लावली. परबांनी नळी खिडकीशी धरली आणि म्हणाले, "गडद आसा." यंत्राने एकवीस दाखवले. आमच्याकडे दहाच्या वर गेलं की क्षयाचा संशय घेत. दोघांच्या सह्या होऊन अहवाल वर गेला, आणि मुलांचे डॉक्टर मेहेंदळे यांनी त्याच दिवशी क्षयाची औषधं सुरू केली. तीन तोंडाने घ्यायची, आणि रोज एक स्ट्रेप्टोमायसिनची सुई. त्या सुईने कान जाऊ शकतात. पण क्षय असताना ती दिली नाही तर मूल जाऊ शकतं.

पुढच्या सोमवारी दुसरा नमुना आला. मंगळवारचा आकडा चार. मेहेंदळ्यांनी फोनवर समाधान व्यक्त केलं. औषध चांगलं लागू पडतंय, म्हणाले.

परब चारशे बाराच्या फिल्मसमोर उभे होते. एकवीसवरून चारवर सरळ खाली आलेली रेघ.

"ही रेघ खोटी," ते म्हणाले.

"उतरली आहे की," मी म्हटलं.

"क्षयाची अशी नाय उतरत. जिन्यान उतरता, विहिरीत पडणा नाय. दोनातलो एक आकडो खोटो." त्यांनी वही मागे उलटली, तारीख पाहिली, वार पाहिला आणि वही मिटली. मग म्हणाले, "सोमवारी मोरी होती."

मला समजायला एक क्षण लागला. मोरीच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि ती शिळी झाली की त्याचा अमोनिया होतो. आमची सगळी चाचणीच अमोनियावर उभी. आणि बाटलीला कापसाचं बूच.

अशी चूक पकडायला एक उपाय असतो. प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी लावायची, तिच्यात ते मुख्य रसायन घालायचंच नाही. तिच्यात निळा रंग आला तर तो आधीच शिरलेल्या अमोनियाचा, तो वजा करायचा. पण त्याला पाणी जास्त लागतं. मुलांचं पाणी थोडं येतं म्हणून त्यांच्या नमुन्यांना जोडनळी लावू नये, असा नियम होता. तो मी केला होता. परबांनी तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं होतं.

त्यांनी अंदाजावर काही बोलायला नकार दिला. बुधवारी त्यांनी बाजारातून मोरीचा तुकडा आणला, दिवसभर बाहेर ठेवून मुद्दाम शिळा केला, आणि माझ्या परवानगीने माझ्या सूचनेमागे ठेवला. त्याच्या शेजारी उकळून थंड केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, एकीला कापसाचं बूच, दुसरीला रबराचं. तिसरी शेजारच्या विभागाच्या फ्रिजमध्ये. गुरुवारी सकाळी तिन्हींत रसायनं घातली. तिसरी रंगहीन राहिली. रबराचं बूच असलेली किंचित निळसर झाली. कापसाचं बूच असलेली निळी झाली. ज्या पाण्याला ना मेंदू, ना मणका, त्या साध्या पाण्याला क्षय झाला होता.

परबांनी हात साबणाने तीनदा धुतले, ॲप्रन काढून ठेवला आणि म्हणाले, "पोरांचो वॉर्ड खंय?"

मी म्हटलं, मी फोन करते. ते म्हणाले, "फोनान चूक सांगूची नाय."

आम्ही वर गेलो तेव्हा डॉक्टर मेहेंदळे खाटेपाशीच होते. मुलीची आई स्टुलावर बसली होती, असल्फ्याच्या डोंगरावर राहणारी. मुलगी उशीला टेकून बसली होती.

"डॉक्टर, चारशे बाराचो पयलो आकडो धरू नकात," परब म्हणाले.

"आपण कोण?"

"मी परब."

"परब? खालचे परब?" मेहेंदळे कित्येक वर्षं ती सही पाहत होते.

"व्हय."

"आकडा धरू नका म्हणजे काय? एकवीस लिहून तुम्ही सही केलीत."

"सही माझीच. पण त्या एकवीसात मोरी आसा."

"काय आहे?"

"मोरी. मासो."

मी मध्ये पडून अमोनियाचं सांगितलं. परबांनी निळी नळी खिशातून काढून दाखवली. तेवढ्यात मुलगी आईला म्हणाली, "आई, ह्या काकांना बोंबलासारखा वास येतो."

"गप गं, सुजाता."

"बोंबील नाय," परब तिच्याकडे न पाहता म्हणाले. "पण वास येता तां खरां."

मेहेंदळे चिडले होते, पण आवाज चढवणारे नव्हते. "मग हिला टीबी नाही, असं लिहून देता का?"

"नाय. तां माका म्हायत नाय. एकवीस आसा म्हणान मी सांगलंय, तां पण खरां की खोटां माका म्हायत नाय. इतक्याच सांगूक इलंय."

"पहिलं पाणी शिल्लक आहे?"

"थेंब नाय."

आईने एवढा वेळ सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे हिला रोज सुया टोचल्या त्या उगाच काय? परवापासून म्हणते कानात शिट्टी वाजते."

मेहेंदळे वळले. "शिट्टी? मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की सिस्टरना. त्या बोलल्या, अशक्तपणा आहे."

मेहेंदळ्यांनी तक्ता उचलला आणि स्ट्रेप्टोमायसिनवर उभी रेघ मारली. तोंडाने घ्यायची औषधं मात्र त्यांनी चालू ठेवली, क्षयाचे जंतू वाढतात का ते कळेपर्यंत. पहिल्या पाण्यातलं थोडं त्यासाठी बाहेर पाठवलेलं होतं, त्या उत्तराची वाट पाहणं आलं.

आई परबांना म्हणाली, "तुमच्या माशापायी माझ्या पोरीचे कान गेले तर?"

 परब तिथे तसेच उभे राहिले, ती दुसरीकडे पाहीपर्यंत. मग खाली आले.

जोडनळीच्या नियमाबद्दल ते वर एक शब्द बोलले नव्हते. संध्याकाळी मी पुन्हा वर गेले आणि मेहेंदळ्यांना तो माझा नियम होता असं सांगितलं. ते म्हणाले, "परब तर म्हणाले, सगळं त्यांचंच." मी म्हटलं, तसं नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला.

पुढचे आठवडे परब नेहमीसारखे वागले. मोरी त्यांनी सोडली नाही. ती चुलतभावाला मंगळवारी आणायला सांगितली, एवढंच. माझी इंग्रजी सूचना त्यांनी काढून टाकली आणि मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहिली, "फ्रीज रोग्यांचा आहे". माझं ताक बाहेर काढून टेबलावर ठेवलं. फक्त रोज सकाळी मी आले की ते विचारत, "वर काय?" आणि मी सांगे, शिट्टी आहेच. कानाचे डॉक्टर म्हणत, आत्ता काही सांगता येणार नाही, काही महिन्यांनी यंत्रावर तपासू. हा बिघाड कधी थांबतो, कधी सुई बंद केल्यावरही वाढत जातो. परब ते ऐकत आणि नळ्या धुवायला लागत.

तिसऱ्या नमुन्याचा आकडा तीन आला, जोडनळी लावून. सात आठवड्यांनी बाहेरून उत्तर आलं की क्षयाचे जंतू वाढले नाहीत. साध्या जंतूंचीच सूज असावी, अर्धवट औषधांनी दबलेली, असं मेहेंदळ्यांनी ठरवलं आणि सगळी औषधं थांबवली. मुलगी तोवर घरी गेली होती आणि शाळेतही जाऊ लागली होती. कानांच्या तपासणीची तारीख तेवढी तिच्या कागदावर उरली होती.

त्या तारखेच्या आधीच परब निवृत्त झाले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. चहा झाला. गावी घर दुरुस्त करून ठेवलं होतं, आठवड्याभरात निघणार होते. जाताना मला म्हणाले, "मॅडम, त्या चेडवाच्या कानांची तारीख कधी?" मी कागद पाहून सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली नाही.

तपासणीच्या दिवशी मी काही कामासाठी बाह्यरुग्ण विभागात गेले होते. कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर सुजाता आणि तिची आई बसल्या होत्या, मला एका बाजूने दिसतील अशा. सुजाता समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होती. गावी गेले असतील असं मी धरून चाललेले परब त्यांच्या मागे चार हातांवर उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. ॲप्रनशिवाय मी त्यांना दुसऱ्यांदाच पाहत होते.

ते थोडे तिच्या डाव्या कानाच्या बाजूला सरकले आणि हळूच काहीतरी बोलले. मी दहा पावलांवर होते, मला ऐकू आलं नाही. फक्त ओठ हललेले दिसले. सुजाताने मान वळवून मागे पाहिलं, ओळखीचं कुणी दिसलं नाही म्हणून पुन्हा तक्त्याकडे वळली. परब थांबले. ती वाचनात गुंतल्यावर उजव्या कानाच्या बाजूला आले आणि पुन्हा ओठ हलले. या वेळी ती झटकन वळली.

"काय आहे हो?" ती म्हणाली. हे मला ऐकू आलं.

"कायच नाय, बाय," परब म्हणाले.

आईने मागे पाहिलं, पण तिने त्यांना ओळखलं नाही. आतून कुणीतरी सुजाताचं नाव पुकारलं आणि दोघी उठून गेल्या. यंत्र काय सांगतं ते ऐकायला परब थांबले नाहीत. ते फाटकाकडे चालू लागले होते.